आधी सूर्य कुठे ते बघा, मग सीट

पत्र

माझ्या बाबांनी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर शेकडो नद्या काढल्या, पण वरून एकही नदी पाहिली नाही, कारण ते आजवर विमानात बसलेले नाहीत. आता वय चौऱ्याहत्तर. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं निघतोय. सकाळी सातचं विमान, सव्वादोन तासांचा प्रवास, जवळपास सरळ उत्तरेला. नकाशात पाहिलं तर वाटेचा बराच भाग समुद्रकिनाऱ्याला समांतर जातो, किनारा पश्चिमेला राहतो. चार दिवसांनी त्याच वाटेनं परत. ते विमान सूर्यास्ताच्या तासभर आधी सुटतं. दोन्ही विमानं तीन-तीन सीटांची. 'ए' आणि 'एफ' या खिडक्या, एवढंच मला कळतं. पुढच्या रांगांना जास्त पैसे लावलेत. तिथून जास्त चांगलं दिसतं का? बाबांचे गुडघे दुखतात, तासाभरानं उठावं लागतं, म्हणून भाऊ म्हणतो की त्यांना कडेचीच सीट दे. मला मात्र त्यांना खिडकीत बसवायचंय. नेमकी कोणती सीट घेऊ?
– एक लेक

उत्तर

जाताना 'ए' घ्या, येताना 'एफ'. म्हणजे दोन्ही वेळा पश्चिमेची बाजू. रांग पंखाच्या मागची, चोवीस ते सव्वीसच्या आसपास. आणि दोन्ही वेळा खिडकीत बाबा.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. पण तारीख पुढे ढकलली गेली किंवा कंपनीनं विमान बदललं, तर तुम्हाला स्वतःला नव्यानं ठरवता यायला हवं, म्हणून कारणंही सांगते.

खिडकी घेताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: डोंगर कुठल्या बाजूला, समुद्र कुठल्या बाजूला. मी त्याच्याही आधी सूर्य कुठल्या बाजूला असेल ते बघते. इतक्या वर्षांच्या प्रवासात जगातले उत्तमोत्तम देखावे माझ्या हातून निसटले ते बाजू चुकल्यामुळे नव्हे. बाजू बरोबर होती, पण सूर्य समोर होता. हवेत धूळ आणि बाष्प नेहमीच असतं. सूर्याकडे तोंड करून पाहिलं की ते सगळं उजळून निघतं आणि खाली कुणीतरी दुधी पडदा धरल्यासारखं दिसतं. खिडकीवरचे बारीक ओरखडेही नेमके तेव्हाच चमकायला लागतात. तोच सूर्य पाठीशी असला की पडदा उठतो. शेतांचे बांध, रस्ते, मातीचे रंग, अगदी गावातल्या छपरांचे रंगसुद्धा वेगवेगळे ओळखू येतात.

तुमचं विमान सकाळी उत्तरेला जातंय. सूर्य पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला. डावीकडे बसलात की तो पाठीशी आला, आणि सुदैवानं किनाराही डावीकडेच आहे. असा दुहेरी योग फार वेळा जुळत नाही, तेव्हा ती 'ए' सोडू नका.

बाबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. सूर्य अगदी पाठीशी असला की टेकड्यांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात आणि जमीन जरा सपाट वाटते. अशा वेळी खिडकीतून काटकोनात न बघता थोडं पुढच्या किंवा मागच्या बाजूला तिरकं बघायचं. सकाळच्या सूर्याच्या लांब सावल्या मग कडेनं दिसू लागतात आणि प्रत्येक टेकडी, प्रत्येक घळ उठून येते. दहा वाजले की ही गंमत कमी होत जाते, म्हणून तुमचं सातचं विमान मला फार आवडलं. सकाळची हवाही शांत असते. ऊन तापून कापसासारखे ढग वर यायला अजून वेळ असतो, त्यामुळे धक्के कमी बसतात आणि जमीन जास्त मोकळी दिसते.

सूर्य पाठीशी असणाऱ्या बाजूला आणखी एक गोष्ट दिसते, आणि केवळ तिच्यासाठीसुद्धा मी ती बाजू घेईन. उड्डाण झालं की विमानाची सावली शेतांवरून, रस्त्यांवरून पळताना दिसते. मग ती लहान आणि फिकट होत होत विरून जाते, कारण सूर्य हा नुसता ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाएवढी रुंद थाळी आहे. वस्तू जितकी दूर तितकी तिची सावली पुसट. पण खाली ढगांचा थर लागला, की सावली पडायला हवी त्या जागी रंगांची गोल कडी उमटतात, आत निळसर आणि बाहेर तांबूस. हेच इंद्रवज्र. ढग जवळ असला तर कड्यांच्या आत विमानाची सावलीही दिसते. आणि बाबांना दाखवण्यासारखी खरी गोष्ट पुढेच आहे: त्या कड्यांचा मध्य म्हणजे पाहणाऱ्याची स्वतःची जागा. पुढच्या रांगेतल्या माणसाला कडी सावलीच्या नाकाभोवती दिसतात, शेपटीकडे बसलेल्याला शेपटीभोवती. पंखामागे बसलेले तुमचे बाबा बोट ठेवून सांगू शकतील, की त्या सावलीत आपण दोघं नेमके इथे आहोत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ढगांचा थर संपेपर्यंत मला मान वळवता आली नव्हती.

आता किनारा. भूगोलाच्या मास्तरांना सकाळच्या उजेडात किनाऱ्याला समांतर तासभर उडायला मिळणं म्हणजे त्यांचे सगळे धडे एका ओळीत समोर मांडून ठेवण्यासारखं आहे. पुळण, वाळूचा दांडा, त्या दांड्यामागे अडकलेलं खाजण, खाडीचं फाटलेलं तोंड. मुलं ज्यांच्या फक्त व्याख्या पाठ करतात ते सगळं खाली खरोखर आखलेलं असतं. नदी समुद्राला मिळते तिथे त्यांना आवर्जून थांबायला सांगा. गढूळ पाण्याचा पट्टा निळ्या पाण्यात शिरतो आणि सरळ न जाता एका बाजूला वळतो. किनाऱ्याला धरून वाहणारा प्रवाह कुठल्या दिशेला आहे हे त्या एका वळणावरून कळतं. त्या भागातले वाळूचे दांडे पुष्कळदा त्याच दिशेला लांबलेले दिसतात.

जमिनीवर नागमोडी नदी आली, तर तिच्या आताच्या पात्रावर नजर न ठेवता दोन्ही कडांचं शेत बघायचं. पिकांच्या रंगांमध्ये कमानीसारख्या पुसट रेघा दिसतात. ती नदीची सोडलेली पात्रं. जुन्या वळणाच्या मातीत ओल वेगळी, कण वेगळे, म्हणून पिकाचा रंग वेगळा. कधी अर्धचंद्रासारखं तळंही दिसतं, नालाकृती सरोवर. जमिनीवर उभं राहून हे जन्मात कळत नाही, कारण त्या माणसाला एका वेळी एकच वळण दिसतं. ज्यांनी छत्तीस वर्षं ते सरोवर खडूनं काढलं, त्यांना ते खरं दिसेल तेव्हा तुम्ही शेजारी असायला हव्यात. म्हणूनच पुढे-मागे अशा दोन खिडक्या घेण्याचा विचार मनात आला असेल तर निदान जाताना तो नको.

एक व्यवहाराची गोष्ट. विमानाच्या अगदी खाली काय आहे ते खिडकीतून दिसत नाही, आणि फार दूरचं धुक्यात जातं. जेट विमान साधारण साडेदहा किलोमीटर उंचीवर असतं. तिथून क्षितिज हिशोबानं ३७० किलोमीटरवर येतं, पण नीट वाचता येते ती विमानापासून दहा ते पन्नास-साठ किलोमीटरवरची पट्टी. तेव्हा नकाशावर आपल्या मार्गाची रेघ ओढून तिच्या डावीकडे एवढ्या अंतरात काय येतं ते बाबांना आधीच काढू द्या. मिनिटाला जवळपास चौदा किलोमीटर मागे पडतात. एखादी खाडी समोर आली की तिच्यासाठी दोन-तीन मिनिटं मिळतात, शोधाशोधीत घालवली तर ती गेली.

येतानाचा हिशोब मात्र उलटा आहे. संध्याकाळी दक्षिणेला उडताना सूर्य उजवीकडे आणि किनाराही उजवीकडेच. माझ्याच नियमानं गेलं तर डावीकडे बसायला हवं. तरी मी 'एफ' सांगतेय, त्याला दोन कारणं आहेत.

एक तर किनारा तुम्ही जाताना चांगल्या उजेडात पाहिलेला असेल. आता तोच सूर्यासमोर बघायचा, आणि अशा वेळी रंग सगळे मावळले तरी पाणी पेटतं. सूर्य, पाणी आणि तुमचा डोळा यांचा कोन जुळला की ती जागा आरशासारखी चमकते, आणि विमान पुढे सरकतं तसा तो चकाकता डागही जमिनीवरून तुमच्याबरोबर पळतो. शेततळं उजळतं, विझतं. मग कालवा, मग पाणथळ, मग नदीची एक शाखा. दिवसा डोळ्यांना न दिसणारे ओढेसुद्धा क्षणभर चांदीच्या तारेसारखे दिसून जातात. त्या भागाचं सगळं पाणी कुठून कुठे वाहतं त्याचा नकाशा तुकड्यातुकड्यानं समोर येतो. सूर्य क्षितिजापासून दहाएक अंश वर असेल तेव्हा हा डाग विमानापासून सुमारे साठ किलोमीटरवर असतो, आणि सूर्य उतरेल तसा आणखी दूर जातो. बाबांना सांगा की उतरत्या सूर्याकडे थेट टक लावू नका, त्याच्या खालच्या जमिनीकडे बघा.

दुसरं कारण सूर्यास्ताचं. एवढ्या उंचीवरून क्षितिज डोळ्यांच्या पातळीच्या तीनएक अंश खाली जातं, म्हणून खालच्या गावात सूर्य बुडाल्यावरही तुम्हाला तो निदान बारा-तेरा मिनिटं दिसत राहतो. खाली दिवे लागलेले आणि तुमच्या खिडकीत ऊन, असा तो वेळ.

आणि सूर्य बुडाला की लगेच बाबांना पाय मोकळे करायला उठवा. गुडघ्यांसाठीही तीच वेळ बरी आणि बघण्यासाठीही. मागच्या दाराला छोटी खिडकी असते. तिथे काम चालू नसेल तर कर्मचाऱ्यांना विचारून डाव्या दाराच्या खिडकीतून पूर्वेकडे बघायला सांगा. क्षितिजाला टेकून राखाडी-निळा गडद पट्टा दिसेल आणि त्याच्या वर गुलाबी. तो गडद पट्टा ढग नाही. ती पृथ्वीची सावली, वातावरणावर पडलेली. जमिनीवरूनही ती दिसते, पण घरं, झाडं आणि धूळ मध्ये येते. वरून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसते आणि बघता बघता वर चढते.

आता रांग. पुढच्या रांगांचे पैसे देखाव्याचे नसतात. लवकर उतरता येतं आणि कधी पायांना जागा जास्त मिळते, त्याचे असतात. गुडघ्यांसाठी ती जागा हवी असेल तर जरूर घ्या, पण तिथून जास्त दिसेल म्हणून घेऊ नका. खरा अडथळा पंखाचा. एअरबस ए३२० सारख्या तीसेक रांगांच्या विमानात साधारण नऊ-दहापासून एकोणीस-वीसपर्यंत खिडकीखाली पंखच असतो. पंख मागे झुकलेला असल्यामुळे त्याचं टोक आणखी मागे येतं, म्हणून बाविसाव्या रांगेतूनही तिरकं पुढे पाहिलं की तेच आडवं येतं. चोवीसच्या मागे बाजूचं आणि मागचं सगळं मोकळं. पंखाच्या पुढे बसायचं तर सातव्या रांगेपर्यंत. फोटोंसाठी पुढची बाजू थोडी सरस, कारण मागच्या रांगांतून पुढे पाहिलं तर इंजिनातून निघालेल्या तापलेल्या हवेत दृश्य थरथरतं. तुमच्या बाबांना फोटो काढायचे नाहीत, बघायचंय. मागून त्यांना पंखाची कामंही दिसतील: उतरताना पंखाची मागची कड टप्प्याटप्प्यानं बाहेर सरकून खाली वाकते, आणि चाकं टेकताच वरच्या फळ्या उभ्या राहतात. शिवाय शौचालय जवळ. फक्त अगदी शेवटची रांग टाळा. तिथे पाठ मागे जात नाही आणि सतत वर्दळ असते. शेपटीकडे विमान थोडं जास्त हलतं हेही खरं. बाबांना गाडी लागत असेल तर मात्र पंखावरची सीट घ्या आणि थोडा देखावा सोडून द्या.

पंख टळला तरी खिडकी मिळेलच असं नाही. मी एकदा मुद्दाम पैसे भरून खिडकीची जागा घेतली होती. बसले, मान वळवली, तर समोर गुळगुळीत भिंत. हिवाळ्यातली स्वच्छ सकाळ, खाली बर्फाचे डोंगर, आणि पुढच्या माणसाच्या खिडकीची बोटभर कड मला दिसत होती. परत येऊन शोधलं तेव्हा कारण कळलं. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे, पोटातून छताकडे जाणारी थंड हवेची नळी भिंतीतून वर नेलेली असते, आणि तेवढ्या जागेत खिडकी ठेवता येत नाही. कंपनीच्या नकाशात ती सीट इतर खिडक्यांसारखीच रंगवलेली होती.

भिंत नसली तरी खिडकी अर्धवट पुढे किंवा मागे असू शकते. विमान बनवणारे खिडक्या ठरावीक अंतरावर बसवतात. ए३२० मध्ये ते अंतर २१ इंच असतं. सीटा किती अंतरावर लावायच्या हे विमान कंपनी ठरवते. ते अंतर २८ इंच असेल तर तीन रांगांना चार खिडक्या येतात, आणि त्या तीन रांगांत प्रत्येकीची खिडकी वेगळ्या जागी पडते. चांगली खिडकी खांद्याच्या किंचित पुढे असते, मान न वळवता दिसणारी. एअरोलोपा नावाच्या संकेतस्थळावर कंपनीनिहाय, विमाननिहाय आराखडे आहेत आणि त्यांत प्रत्येक रांगेची खिडकी मोजून दाखवलेली असते. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा आणि तिथे चोवीस ते सव्वीसमध्ये कोणती रांग बरी ते ठरवा. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा, कारण विमान बदललं की सीटचा क्रमांक तोच राहून खिडकी बदलते.

गुडघ्यांबद्दल तुमच्या भावाचं म्हणणं मी टाकून देत नाही. पाच-सहा तासांचा प्रवास असता तर मीही कडेचीच सीट म्हटलं असतं. पण सव्वादोन तासांतली सुरुवातीची पंधराएक मिनिटं आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं पट्टा बांधून बसावंच लागतं. उरलेल्या दीड तासात दोनदा उठणं झालं तरी पुष्कळ. तुम्ही मधल्या सीटवर बसा, म्हणजे उठवायला परका माणूस एकच राहतो. बसल्या बसल्याच त्या माणसाला सांगून टाका की बाबांना एक-दोनदा उठावं लागेल. आधी सांगितलं की कुणी नाराज होत नाही, आणि बाबाही संकोचानं अवघडून बसत नाहीत. आपत्कालीन दाराजवळची रांग पायांना मोकळी असते, पण ती त्यांना घेऊ नका. गरज पडल्यास दार उघडण्याची ताकद असलेल्यांनाच तिथे बसू देतात, आणि ती पंखावरच येते.

सगळ्यात जास्त दिसतं ते चढताना आणि उतरताना, कारण तेव्हा जमीन जवळ असते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बहुधा खिडकीचा पडदा उघडाच ठेवायला सांगतात, तेव्हा ती संधी आपसूक मिळते. कुठल्या बाजूला शहर येईल हे वाऱ्यावर असतं. विमान वाऱ्याला सामोरं चढतं आणि सामोरंच उतरतं, म्हणून तोच विमानतळ एका दिवशी पूर्वेकडून आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडून गाठला जातो. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिची होकायंत्राची दिशा, शेवटचं शून्य काढून: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम, तीच पट्टी दुसऱ्या टोकानं ०९. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत असल्यामुळे हे आकडे अधूनमधून बदलावे लागतात. जिनिव्हाची धावपट्टी पूर्वी ०५-२३ होती, २०१८ साली ती ०४-२२ झाली. बाबांना हे सांगाच.

तुमच्या विमानाची नेहमीची वाट पाहायची असेल तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांतल्या फेऱ्यांचे मार्ग दिसतात. किनारा खरंच पश्चिमेला राहतो का, किती अंतरावर राहतो, आणि उतरताना विमान कुठून वळतं, हे चार-पाच दिवस पाहिलंत की अंदाज पक्का होतो. नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून काढलेल्या सरळ रेघेवर विसंबू नका. तुमच्या उत्तर-दक्षिण प्रवासात फार फरक पडणार नाही, पण लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात पृथ्वीच्या गोलाईमुळे मार्ग ध्रुवाकडे वाकतो. युरोपातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी विमानं ग्रीनलंडवरून जातात ती यामुळेच.

याच प्रश्नाची आणखीही पत्रं आली आहेत, लांबच्या प्रवासाची, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्व-पश्चिम उडताना दुपारचा सूर्य कर्कवृत्ताच्या उत्तरेला नेहमी दक्षिणेकडे असतो, तेव्हा उत्तरेची खिडकी घ्या: पूर्वेला जाताना डावी, पश्चिमेला जाताना उजवी. काठमांडूहून भूतानमधल्या पारोला जाताना हिमालय डावीकडे असतो आणि सूर्य पाठीशी, त्यामुळे ते बर्फ इतकं स्वच्छ दिसतं. मकरवृत्ताच्या दक्षिणेला हे उलटतं. अर्जेंटिनातल्या मेन्दोसाहून चिलीतल्या सान्तियागोला जाताना ६,९६१ मीटरचं अकोन्काग्वा शिखर उजवीकडे दिसतं, पण दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असल्यामुळे आपल्याकडे असलेली त्याची दक्षिण भिंत सावलीत असते. तिथे सकाळी लवकरचं किंवा संध्याकाळचं विमान बरं. टोकियोच्या हानेदाहून ओसाकाकडे जाताना फुजी उजवीकडे, येताना डावीकडे. नैरोबीहून दार-ए-सलामला जाताना किलिमांजारो उजवीकडे. छोट्या एटीआर विमानांत पंख खिडक्यांच्या वर असतो आणि ती उडतातही कमी उंचीवरून. तसलं विमान मिळालं तर रांगेची फार चिंता करू नका.

निघताना एक मऊ, स्वच्छ फडकं बरोबर घ्या. बसल्या बसल्या खिडकी पुसा, आधीच्या प्रवाशाच्या कपाळाचा डाग तिथे हमखास असतो. खिडकीला तीन थर असतात, मधल्या थराला खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. थरांमधला दाब सारखा राहावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. प्रवासात त्याच्याभोवती बर्फाची बारीक फुलं धरतात. बाबांनी विचारलं तर सांगता येईल. पोलराइज्ड काचांचा गॉगल नको, खिडकीच्या प्लॅस्टिकमधून त्यानं इंद्रधनुषी पट्टे दिसतात. फोनवर त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवा. फ्लाइट मोडमध्ये इंटरनेट नसलं तरी खिडकीजवळ बहुतेक फोनना उपग्रहांवरून आपली जागा कळते आणि नकाशावर ठिपका सरकत राहतो. विमानतळ लष्कराचाही असेल तर चढता-उतरताना फोटो काढायला बंदी असू शकते. सूचना दिली तर पाळा.

ठिपक्याचा फोन तुमच्या हातात ठेवा. बाबांच्या मांडीवर छापील नकाशा आणि पेन्सिल द्या. आणि खाली नदी दिसली की तिचं नाव तुम्ही सांगू नका, त्यांना ओळखू द्या. परत आलात की त्या नकाशावर त्यांनी कुठे कुठे खुणा केल्या ते मला जरूर कळवा.